नाशिककडचा कान

दत्ता, तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. सकाळपासून दोनदा तुझ्या घराकडं निघालो आणि दोन्ही वेळा रसवंतीच्या कोपऱ्यावरनं माघारी आलो. दुसऱ्या खेपेला रसवाल्यानं विचारलंच, "काय रफिकभाई, काय हरवलं का?" म्हटलं, न्हाई बाबा. उगाच एक ग्लास रस घेतला, तोही अर्धा टाकून दिला. आता गॅरेजचं शटर निम्मं ओढून आत बसलोय आणि पाठकोऱ्या कागदांवर हे लिहितोय. चार वाजता वहिनींकडं जायचं म्हणजे जायचं. पण त्यांना जे सांगायचंय ते आधी तुला सांगतो. तुला त्यात नवीन काही नाही म्हणा. तुला ते माझ्याआधी कळलं होतं.

विमानाच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या. आणि त्या मी जोडल्या, तू नाही.

चौकशीचे साहेब आले होते. माळावर त्या मोडक्या सांगाड्याभोवती दोन तास फिरले, फोटो काढले, टेप लावून मापं घेतली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "पंखांच्या वायरी शेवटी कुणी जोडल्या?" मी म्हणालो, "दत्तानं." इतकं सोपं होतं ते. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. वायरी तुटून त्यांचा असा गुंता झाला होता की कुठली कुठं होती ते कुणाच्या बापाला कळलं नसतं. साहेबांनी लिहून घेतलं, मी खाली सही ठोकली. वर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "तुमचे मित्र होते ना, सांभाळा स्वतःला." मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं, खोटं कशाला बोलू. मी काही मोठा सज्जन नाही, तू ओळखतोस मला. पण ती सकाळ आठवते ना? टेम्पोत सामान चढवून झालं होतं, मी दोरी आवळत होतो, आणि आत तुमचं दोघांचं वाजलं. वहिनींचा आवाज पार रस्त्यापर्यंत आला, "जा, घेऊन जा ते इमान! आन परत येऊच नका!" तू हसत हसत बाहेर आलास, म्हणालास, "आज डब्यात काय मिळणार न्हाई असं दिसतंय." तुझ्यासाठी ते तेवढंच होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात असली किती भांडणं झाली असतील.

पण माळावर मेंढ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं सगळं बघितलं होतं. तो गावभर सांगत सुटला, "इमान जरासं तिरकं झालं, तर त्यांनी सरळ करायचं सोडून आनखी तिरकं केलं. मुद्दामच केलं वो, मी ह्या डोळ्यांनी बघितलं." ते फिरत फिरत तुझ्या घरी आलं. पाचव्या दिवशी मी गेलो तर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "रफिकभाई, त्यांनी माझं ऐकलं वो. जन्मात कधी माझं ऐकलं न्हाई, आन नेमकं तेवढंच ऐकलं."

मी म्हणालो, "तसं न्हाई वहिनी." त्या म्हणाल्या, "मग कसं हाय?" मी उठलो. चपला घातल्या आणि पळालो.

हे असं आहे बघ. तुझ्या बायकोला वाटतंय तू जीव दिलास, आणि तोही तिच्या बोलण्यावरनं. आणि ते तसं नाही हे माहीत असलेला अख्ख्या संगमनेरात एकच माणूस आहे, तो शटर ओढून बसलाय.

माझी बायको गेली, रुबिना, त्या वर्षी मी असाच बसून असायचो, शटर पूर्ण खाली ओढून. लोक यायचे, सबर करा म्हणायचे, चहा प्यायचे, जायचे. तू आलास आणि दिलासा-बिलासा काही दिला नाहीस. दारात उभा राहून म्हणालास, "रफ्या, हात दाखव." दाखवला. उलटसुलट करून बघितलास. "बायकी हात हाय साल्या तुझा. चल, मला असाच पायजे हुता." मला वाटलं कुणाच्या गाडीची वायर आत अडकली असेल. तू मला नाशिक-पुणे रस्त्याकडेच्या तुझ्या पत्र्याच्या शेडात नेलंस. आत पाईप जोडून केलेला लांबडा सांगाडा. मी म्हणालो, "हे काय, मांडव घालतोस का कुणाचा?" म्हणालास, "विमान हाय." मी हसलो. रुबिना गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता रडायलाच लागलो. तू मला रडू दिलंस आणि पाईप घासत राहिलास. ह्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धतच नव्हती. एकमेकांना शिव्या द्यायच्या, त्यातच सगळं आलं असं धरून चालायचो. नव्हतं आलं रे. आता कळतंय.

तू साखर कारखान्यातला फिटर, मी गाड्यांच्या क्लच-ब्रेकच्या वायरी बदलणारा. तू मुदतीआधी नोकरी सोडलीस, दोन वर्षं पुण्याकडं जाऊन-येऊन उडवायला शिकलास, परदेशातनं नकाशे मागवलेस, आणि लोकांनी तुला येडा ठरवलं. शेपटीकडं सांगाडा निमुळता होत जायचा तिथं तुझा पंजा शिरायचा नाही, माझा शिरायचा. म्हणून माझी गरज. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत दुकानातनं ब्रेकची वायर घेऊन आलो. तू ती दोन बोटांत धरून बघितलीस आणि सरळ रस्त्यावर भिरकावलीस. "ह्याच्यावर तुझी मोपेड चालंल, माझा जीव न्हाई." मग तुझी ती खास मागवलेली वायर आली. टोकाला वळसा घालून त्यावर तांब्याची नळी दाबायची. दाबून झाली की तू ती छताच्या अँगलला टांगून खाली सिमेंटच्या गोण्या लटकवायचास, नि आपण चहाला जायचो. आल्यावर नळीवरची खूण सरकली का बघायचं. एकदा केसाएवढी सरकली होती. मी म्हणालो, "जाऊ दे." तू ती वायर कापून टाकलीस आणि मला महिनाभर "ए जाऊ दे" अशी हाक मारलीस. चहावालासुद्धा मला जाऊदे म्हणायला लागला होता.

वायर कुठंही घासता कामा नये, हा तुझा दुसरा हट्ट. जिथं ती पाइपाजवळनं जाते तिथं भोक पाडलेला प्लास्टिकचा तुकडा बसवायचा, म्हणजे ती त्यातनं सरळ सरकते. हे तुकडे तू कुठनं आणलेस, तर वहिनींचा भाजी चिरायचा बोर्ड कापून. दोन दिवसांनी त्या शेडात आल्या, विमानाच्या पोटात डोकं घालून बघितलं, म्हणाल्या, "माझ्या बोर्डाचे आठ तुकडे केले वो ह्या माणसानं. आता कोथिंबीर काय इमानात बसून चिरू?" तू म्हणालास, "चिर की. पन सीट एकच हाय, मांडीवर बसावं लागंल." माझ्यासमोर! त्या लाजून लाल झाल्या आणि मला म्हणाल्या, "बघितलं का रफिकभाई, ह्यांच्या तोंडाला काय कुलूप?" मग बोर्ड गेला तो गेला, वर दोघांना भजी आणून दिली.

आणि तुझे कान. डोळे मिटून सीटवर बसायचास, विमान कलवायचा समोरचा दांडा सावकाश इकडंतिकडं हलवायचास आणि सांगायचास, "घासतंय. तिसऱ्या पुलीपाशी." मला काही ऐकू यायचं नाही. हात घालून बघावं तर खरंच तिसऱ्या पुलीपाशी घासत असायचं. इतकं बारीक बघणारा माणूस तू. आणि गेलास कशानं, तर माझ्या एका हुशारीनं.

वहिनींना आता ह्याचा अर्थ समजावून द्यावा लागेल, म्हणून इथं जरा तालीम करतो. चुकलो तर सांग. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाकडं, एकेक फळी असते, वरखाली होणारी. पुस्तकात तिला मोठं नाव आहे, आपण कान म्हणायचो. दांडा डावीकडं नेला की डावा कान वर होतो, उजवा खाली जातो, आणि विमान डावीकडं कलतं. उजवीकडं नेला की उलट. दांड्यापासून दोन वायरी निघतात, सीटच्या मागं येतात, तिथं पंखातनं आलेल्या वायरींना जोडल्या जातात. एवढंच. पण ह्याची त्याला आणि त्याची ह्याला लागली, तर विमान नेमकं उलटं वागतं. उजवीकडं पडतंय म्हणून डावीकडं सावरायला जावं, तर ते आणखी उजवीकडं पडतं.

आता आपलं भांडण. तू सीटवर बसून "डावी ओढ" म्हणायचास आणि मी विमानाच्या तोंडासमोर उभा राहून माझी डावी ओढायचो. समोरासमोरच्या माणसांचं डावं-उजवं कधी जुळतं का? तू म्हणायचास, विमानाचं डावं ते डावं, बसणाऱ्याच्या हिशेबानं. मी म्हणायचो, पुस्तक लिहिणारा आयुष्यभर बसूनच होता वाटतं, माझ्यासारखं उभ्यानं मरून बघ म्हणावं. दोन महिने हीच कटकट. पाना फेकण्यापर्यंत मजल गेली. आणि मग एके दिवशी मीच म्हणालो, "दत्ता, डावं-उजवं मरू दे. ही नाशिककडची आन ही पुण्याकडची. तू कुठं बी बस, मी कुठं बी उभा ऱ्हातो, नाशिक काय हलत न्हाई."

तू किती खूश झालास! शेडचं दार रस्त्याकडं, विमानाचं तोंड दाराकडं, डावा पंख नाशिकच्या बाजूला, उजवा पुण्याच्या. बाहेर गाड्यासुद्धा तशाच पळायच्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तू दोन बिल्ले केलेस, खिळ्यानं ठोकून एकावर "ना" काढलंस, एकावर "पु", आणि दांड्याकडच्या वायरींना बांधलेस. येईल त्याला सांगायचास, "रफ्यानं भांडान मिटवलं आमचं, डोकं हाय गड्याला." चार वर्षं आपण दुसरा शब्द वापरला नाही. नाशिककडचा कान, पुण्याकडचा कान. मला त्याचा माज होता, दत्ता. न शिकलेल्या माणसानं पुस्तकापेक्षा सोपं करून दाखवलं, असा माज.

नाशिक हलत नाही. पण विमान हलतं, हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चार वर्षांत ते शेडातनं बाहेरच कुठं निघालं होतं?

त्या दिवशी नुसतं माळावर पळवून बघायचं ठरलं होतं. परवानगीचे कागद पूर्ण झाले नव्हते, उडवायचं नाही असं तूच बजावलं होतंस. पंख काढून टेम्पोतनं साकूरच्या पठारावर नेलं, उतरवलं, वारा पश्चिमेचा म्हणून तोंड पश्चिमेला केलं, पंख चढवले. पंखांच्या वायरींना बिल्ले नव्हतेच, पंख काय, आपापल्या जागीच बसणार. मग मी सीटमागं गुडघ्यांवर बसलो, बिल्ले बघितले. "ना" हातात घेतला आणि मान वर करून बघितलं, नाशिक कुठं आहे. उत्तर ह्या बाजूला, म्हणजे ह्या पंखाकडं. जोडून टाकली. "पु" दुसरीकडं. ताणून घेतल्या, लॉकची तार पिळली. आयुष्यात इतकं सुबक काम मी केलं नव्हतं. शेडात विमानाचं तोंड पूर्वेला होतं तेव्हा नाशिककडं डावा पंख होता. माळावर तोंड फिरलं आणि नाशिककडं उजवा पंख आला. मी खऱ्या नाशिककडं बघून जोडली रे. खऱ्या नाशिककडं!

आणि तपासणी. तुझा नियम होता, ज्यानं बसवलं त्यानं तपासायचं नाही. पण आठ दिवस तुझी मान धरलेली. गळ्याला पट्टा. पंख डोक्यावर, कान मागच्या कडेला, मान वळल्याशिवाय तुला ते दिसणारच नव्हते. तू म्हणालास, "रफ्या, आज तूच बघ. मी दांडा हलवतो, तू सांग." दांडा डावीकडं नेलास. ओरडलास, "नाशिकचा वर?" तुझ्यासाठी नाशिक म्हणजे डावा, सवयीनं. मी नाशिककडच्या पंखाकडं बघितलं. कान वर होता. "वर!" म्हणालो. दांडा उजवीकडं. "पुण्याचा?" पुण्याकडचा वर होता. "वर!" म्हणालो. तू अंगठा दाखवलास. उलटं जोडलेलं, उलट्याच शब्दांनी सुलटं निघालं. एकदा जर तू "डावा" म्हणाला असतास! एकदा जर आपण भांडलो असतो!

कधी कधी मला तुझाच संताप येतो. उतरून बघायला काय झालं होतं तुला? दोन पावलं मागं येऊन? केसाएवढी सरकलेली नळी कापून टाकणारा माणूस, माझ्या "वर"वर विश्वास ठेवून बसून राहिलास? कुणी सांगितलं होतं माझ्यावर एवढा भरवसा टाकायला? मी तर "जाऊ दे" म्हणणारा माणूस. मग लगेच ओशाळतो. गेलेल्या माणसाशी भांडायला काय लागतंय, तो उत्तर थोडंच देतोय.

तू पळवलंस. छान पळत होतं. मी मागं धावत ओरडत होतो, येड्यासारखा. आणि वाऱ्याचा एक झोत आला, चाकं जमिनीवरनं सुटली. उडवायचं नव्हतं, पण ते हलकं, आपणच हलकं केलेलं. दोन पुरुष उंच गेलं असेल. उजवा पंख खाली गेला. मग आणखी खाली. मग टोक दगडाच्या बांधावर आपटलं. इतका वेळ लागला फक्त, हे वाक्य लिहायला लागला तेवढा.

टेम्पोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते. मला म्हणालास, "नाशिक." मग परत, "नाशिक... रफ्या, नाशिक." टेम्पोवाला म्हणाला, "नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हनतायत." मदतीला चढलेला एक माणूस म्हणाला, "लांब पडंल, आधी संगमनेर गाठा." त्यांचा घाईघाईत वाद चालला होता. मला मात्र त्याच क्षणी कळलं. तुला दवाखाना नको होता. तुला ते सापडलं होतं. वर, त्या हवेत, हातात दांडा असताना तुला कळलं होतं की कुठलं नाशिक चुकलं. आणि तू मला सांगत होतास. रागानं सांगत होतास का, मला समजावत होतास, ते मला माहीत नाही. तुझ्या चेहऱ्यावरनं कळलं नाही. मी तुझे ओठ पुसले आणि "हो हो, नाशिकलाच नेतोय" म्हणालो. तुझ्याशी शेवटचं बोललो ते खोटं. संगमनेर यायच्या आत तू गेलास.

तेव्हापासून माझं डावं-उजवं गेलंय. नमाजाच्या शेवटी आधी उजवीकडं, मग डावीकडं मान वळवून सलाम फिरवायचा असतो, लहानपणापासून अंगात भिनलेलं. आता उजवीकडं वळतो आणि तिथंच अडकतो. परवा शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. दुकानात क्लचची वायर हातात धरतो आणि तशीच खाली ठेवतो. गिऱ्हाइकाला सांगितलं, दुसरीकडं जा बाबा. रुबिना गेली तेव्हा तू आलास. तू गेलास तर कोण येणार? सांग ना, शहाण्या. कोण येणार?

पावणेचार झाले. कागद इथंच ठेवतो. या अल्ला, पाय उचलू दे.

जाऊन आलो.

वहिनी ओट्यावर होत्या, सुपात तांदूळ घेऊन. निवडत नव्हत्या, नुसतं धरलं होतं. मला बघून म्हणाल्या, "या रफिकभाई, चहा टाकते." म्हटलं चहा नको वहिनी, आधी ऐका. मी उभाच होतो. बसायची हिंमत झाली नाही. तालीम केली होती त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. म्हणालो, "वायरी मी जोडल्या. उलट्या जोडल्या. दत्तानं न्हाई. साहेबाला मी खोटं सांगितलं."

त्यांना काही कळलं नाही. म्हणाल्या, "कसल्या वायरी?" मग मी सगळं सांगितलं. बिल्ले, नाशिक, पुणे, माळावर फिरवलेलं तोंड. मी बडबडत होतो आणि त्या ऐकत होत्या, डोळा न हलवता. शेवटी त्यांनी सुपातले तांदूळ ताटात ओतले, रिकामं सूप दोन्ही हातांत आडवं धरलं आणि म्हणाल्या, "हे इमान. दावा मला."

मी सुपाची उजवी कड खाली दाबली. "वाऱ्यानं हे असं झालं."

"मग ह्यांनी काय केलं?"

"दत्तानं सरळ करायला दांडा डावीकडं दाबला. वायरी बरोबर असत्या तर हे असं वर आलं असतं." मी सूप सरळ केलं. "पन वायरी उलट्या. म्हनून असं झालं." परत उजवी कड खाली दाबली, पार खाली.

त्या सुपाकडं बघत राहिल्या. त्यांनी स्वतःच ते दोन-तीनदा करून बघितलं, कड खाली, परत सरळ, परत खाली. ओठ हलत होते.

"म्हंजे ते सावरत हुते."

"व्हय."

"धनगर म्हनतो मुद्दाम केलं."

"बघनाऱ्याला तसंच दिसनार. जेवढं सावरायला गेला तेवढं उलटं झालं."

"कवापातुर?"

मग मी ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही वर लिहिलं नाही. तुला बाहेर काढताना दांडा डावीकडं पार टेकलेला होता आणि तुझी मूठ त्यावर आवळलेली. सुटत नव्हती. एकेक बोट मी सोडवलं. "शेवटपर्यंत, वहिनी," मी म्हणालो, "सोडलाच न्हाई त्यानं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला. म्हणाल्या, "म्हंजे त्यांना घरी यायचं हुतं."

मी मान हलवली. 

 मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, तेरा दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. त्या नजरेत माझ्यासाठी काय होतं ते मी लिहिणार नाही. म्हणाल्या, "उद्या त्या साहेबाला गाठा. ह्यांचं नाव काढा आन तुमचं घाला."

"घालतो."

"गावात बी सांगा. त्या धनगराला जाऊन सांगा."

"सांगतो, वहिनी."

"आन आता जा. परत ह्या दारात येऊ नका."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो, त्यांनी पाय मागं घेतले. मी ओट्यावरनं उतरलो. चार पावलं गेलो असेन, तेव्हा मागं त्यांनी हंबरडा फोडला, तुझ्यासाठी, पोट फुटून. शेजारच्या बायका घराघरातनं निघून मला ओलांडून आत धावल्या. मी तेवढा बाहेर राहिलो.